ध्वनिवर्धक आणि स्पीकर यांची संरोध-जुळणी : मावळच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात टाकवे बुद्रुक हे आंदर मावळातील गाव आहे. याच खोऱ्यातील ठोकळवाडी धरणाच्या पाण्यावर १९२२ पासून घाटाखालच्या भिवपुरी येथे वीज निर्माण होऊ लागली व ती मुंबईकडे गेली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. खेड्यापाड्यांत मात्र वीज येण्यापूर्वी कर्णा आणि रेडिओ बॅटरीवरच चालवावे लागत. शक्ती अशी तुटपुंजी असली की ती वाया न घालवता स्पीकरपर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

या प्रश्नाचे मूळ इ. स. १८४० च्या सुमारास याकोबी याने मांडलेल्या नियमात आहे. उगमाचा अंतर्गत रोध आणि भाराचा रोध समान असता भाराला जास्तीत जास्त शक्ती मिळते, असे तो नियम सांगतो. मात्र त्या स्थितीत तेवढीच शक्ती उगमात उष्णतारूपाने खर्ची पडते, ही त्याची दुसरी बाजू अनेकदा विसरली जाते. भिवपुरीच्या जनित्रांचा अंतर्गत रोध मुंबईतील गिरण्यांच्या भाराइतका ठेवला असता, तर मावळच्या पाण्याची निम्मी कमाई जनित्रातच जळून गेली असती. वीजकेंद्रात म्हणूनच अशी जुळणी कोणी करीत नाही. ध्वनीच्या क्षेत्रात मात्र ‘जुळणी’ हा शब्द रुजला आणि त्याला कारणही तसेच होते.

राइस व केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरचा संरोध काही ओहम इतकाच असे, तर निर्वात नलिकेला योग्य भार हवा असे तो हजारो ओहमचा. या दोहोंची सोयरीक निर्गम ट्रान्सफॉर्मर जमवी. ५,००० ओहमचा भार मागणाऱ्या नलिकेस ८ ओहमचा स्पीकर जोडायचा तर संरोधांचे गुणोत्तर ६२५ होते, म्हणून वेढ्यांचे गुणोत्तर त्याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे २५ ठेवावे लागे. जुळणी चुकली की आवाज खाली येई किंवा फाटे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत त्याचे मूल्यमापन केले. एका संचाभोवती सुमारे वीस जण बसून ऐकत, चर्चा करीत. अशा प्रयोगाची सारी भिस्त त्या एका स्पीकरातून शब्द स्पष्ट येण्यावर असते, याकडे समाजशास्त्रीय लेखनात फारसे लक्ष दिले जात नाही.

सभा आणि उत्सवांत तारा लांबल्या. मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविले. १९४२ च्या काँग्रेस रेडिओ खटल्यात ते आरोपीही होते व निर्दोष सुटले. लांब तारेत कमी संरोधाच्या स्पीकरची शक्ती तारेतच जिरते. त्यावर १०० व्होल्ट लाइनचा तोडगा रूढ झाला. प्रत्येक कर्ण्याला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर बसवायचा. मग १० वॅटचा कर्णा लाइनला १,००० ओहमचा भासतो आणि १०० वॅटच्या ध्वनिवर्धकावर असे दहा कर्णे लावता येतात. हिशेब ओहमऐवजी वॅटच्या बेरजेचा झाला. सप्ताहाचा मांडव सजविणाऱ्याला तो अर्थातच अधिक सोयीचा.

ट्रान्झिस्टरयुगात चित्र पालटले. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेल्या घरगुती स्टिरिओचा अंतर्गत संरोध ओहमच्या लहानशा अंशाइतकाच असतो. येथे समानता साधायची नसून स्पीकरचा संरोध ठरावीक मर्यादेखाली जाऊ द्यायचा नाही, एवढेच पाळायचे असते. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार चार ओहम होतो, प्रवाह दुप्पट होतो आणि निर्गम ट्रान्झिस्टर तापतात. एकसरीत जोडले तर सोळा ओहम होतात, आवाज कमी होतो, पण धोका टळतो. नलिकांच्या ध्वनिवर्धकाला स्पीकरवाचून चालविणे घातक, तर ट्रान्झिस्टरच्या बहुतेक संचांना उघडी तार निरुपद्रवी आणि एकमेकींना चिकटलेल्या तारा घातक. जुन्या कारागिराची शिकवण नव्या संचाला जशीच्या तशी लागू करता येत नाही, ती यामुळे.

एकाच गावात देवळावर लाइनचा कर्णा आणि घरात स्टिरिओ असल्यास दोन काळ शेजारी नांदतात. ट्रान्सफॉर्मरसह कर्णा घरच्या संचाला जोडला तर जेमतेम कुजबुज ऐकू येते. उलट घरचा ८ ओहमचा स्पीकर थेट १०० व्होल्टच्या लाइनला लावला, तर तो १,२५० वॅटची मागणी करतो.