मेंदूसंरक्षक औषधांचा इतिहास

मेंदूचा रक्तपुरवठा घटल्यावर तंत्रिका कोशिकांची (मज्जापेशींची) होणारी हानी टाळण्याच्या किंवा मर्यादित ठेवण्याच्या हेतूने दिल्या जाणाऱ्या औषधांना मेंदूसंरक्षक औषधे म्हणतात. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधांहून ती भिन्न आहेत. ती वाहिनी मोकळी करीत नाहीत. अपुऱ्या रक्तावर कोशिका तग धरून राहाव्यात, एवढाच त्यांचा उद्देश असतो.

या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. पी. एम्. दलाल व त्यांचे सहकारी यांनी २००५ व २००६ मध्ये मुंबईच्या एका भागात केलेल्या पाहणीत प्रथमच आघात (पक्षाघाताचा झटका) झालेले ४५६ रुग्ण आढळले. हे प्रमाण लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १४५ पडते. त्यांपैकी सुमारे ८०% रुग्णांत रक्तपुरवठा खंडित होणे हे कारण होते. सुमारे ३०% रुग्ण २८ दिवसांत दगावले.

अमेरिकन संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये ग्लुटामेटाचा अतिरेक तंत्रिका कोशिकांना घातक ठरतो, असे दाखविले. रक्तपुरवठा तुटल्यावर हेच द्रव्य साचते, कोशिकांत कॅल्शियम शिरते आणि त्यांचा नाश होतो. आस्ट्रुप, सीस्यो व सायमन यांनी १९८१ मध्ये मृत भागाभोवतीच्या ‘उपच्छाये’चे विवेचन केले. या पट्ट्यातील कोशिकांचे कार्य थांबलेले असते, पण त्या जिवंत असतात. त्या वाचविणे हेच या औषधांचे लक्ष्य ठरले.

पहिले यश मर्यादित होते. कॅल्शियमाचा शिरकाव रोखणारे निमोडिपीन मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्रावानंतर उपयुक्त असल्याचे १९८९ मध्ये ब्रिटनमधील चाचणीत दिसले. गुठळीमुळे होणाऱ्या आघातात मात्र ते निष्फळ ठरले. २००६ मधील एका आढाव्यात प्रयोगशाळांत अजमावलेल्या १,०२६ उपचारांची नोंद आहे. त्यांपैकी ११४ रुग्णांवर वापरले गेले होते. एनएक्सवाय-०५९ हे औषध २००७ मध्ये, सिटिकोलीन २०१२ मध्ये व मॅग्नेशियम सल्फेट २०१५ मध्ये मोठ्या चाचण्यांत अपेक्षित लाभ देऊ शकले नाही.

अपयशाची कारणे प्रयोगपद्धतीतच होती. प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण व निरोगी असत आणि औषध त्यांना काही मिनिटांत मिळे. रुग्ण मात्र वयस्क, रक्तदाब वा मधुमेह असलेले आणि कित्येक तासांनी उपचारास आलेले असत. शिवाय बंद वाहिनीपलीकडे औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून १९९९ मध्ये तज्ञांनी प्राणिप्रयोगांसाठी कठोर निकष सुचविले.

तरीही शोध थांबलेला नाही. जपानने २००१ मध्ये एडारॅव्होनाला, तर भारताने २०२३ मध्ये सोव्हाटेल्टाइडाला आघातावरील वापरासाठी मान्यता दिली. गुठळी यांत्रिक रीतीने काढण्याची उपयुक्तता २०१५ मध्ये सिद्ध झाल्यावर, वाहिनी मोकळी होताना संरक्षक औषध देण्याच्या कल्पनेला नवे बळ मिळाले.

तथापि एका मिनिटात सुमारे १९ लाख तंत्रिका कोशिका नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यामुळे खरवईसारख्या (जि. ठाणे) ठिकाणच्या रुग्णाच्या दृष्टीनेही योग्य सोयी असलेल्या रुग्णालयात लवकर पोहोचणे, हे कोणत्याही संरक्षक औषधापेक्षा अधिक निर्णायक आहे.