कुलाब्याची नोंदवही, अलिबागची सुई

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे चित्र काढत होते. अचानक डागांच्या एका समूहावर पांढरा प्रकाश लखलखला आणि सुमारे पाच मिनिटांत मावळला. सौरज्वालेचे हे पहिले नोंदलेले दर्शन. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर प्रचंड भूचुंबकीय वादळ सुरू झाले. युरोपातील छायाचित्रण यंत्रांत रेषा कागदाबाहेर गेली. म्हणजे वादळाचा नेमका तळ तेथे नोंदलाच गेला नाही.

मुंबईत कुलाबा वेधशाळेत मात्र त्या काळी माणसे डोळ्यांनी वाचन घेऊन ते वहीत लिहीत. येथे चुंबकीय निरीक्षणे 1841 पासून सुरू होती. नेहमी तासातासाला होणारे वाचन वादळात काही मिनिटांच्या अंतराने घेतले गेले. 2 सप्टेंबरला क्षितिजसमांतर चुंबकीय घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्यात दिसते. 2003 मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी हीच नोंद अभ्यासून जगापुढे आणली.

हा आकडा वापरताना विद्यार्थ्यांनी जपून राहावे. तो एका ठिकाणचे, एका क्षणाचे वाचन आहे. वादळाची तीव्रता आज डीएसटी निर्देशांकाने मोजतात आणि तो अनेक केंद्रांच्या तासाच्या सरासरीवरून काढतात. कुलाब्याच्या वाचनांची तशी सरासरी काढली की घट 1600 पेक्षा बरीच कमी भरते. मे 2024 च्या वादळात हा निर्देशांक उणे 400 च्या आसपास गेला होता. दोन्ही आकडे सरळ शेजारी मांडणे म्हणूनच योग्य नाही.

मोजमापाची मालिका टिकवणे हे वेगळेच काम. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले, तेव्हा कुलाब्याचे संचालक नानाभाई मूस (या पदावरील पहिले भारतीय) यांच्यासमोर पेच उभा राहिला: ट्रामच्या प्रवाहाने सुया डळमळणार. उपाय म्हणून अलिबागला चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरच्या दगडात नवी वेधशाळा बांधली गेली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली, म्हणून जुने आणि नवे आकडे जुळवता आले. विजेची ट्राम मुंबईत 1907 मध्ये धावली. मूस यांनी 1846 ते 1905 या काळातील नोंदी 1910 मध्ये प्रसिद्ध केल्या. माझ्या मते ती दोन वर्षे या इतिहासातली सर्वांत मोलाची. तेवढा धीर नसता तर मालिका तुटली असती.

सूर्याकडचा पहारा दक्षिणेत होता. चेन्नईत आजच्या टी. नगरला लागून असलेल्या नुंगमबाक्कम येथील मद्रास वेधशाळेचा वारसा 1899 मध्ये कोडाइकॅनालकडे गेला. तेथे 1904 पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

अंदाज वर्तवण्याची अडचण आजही पूर्ण सुटलेली नाही. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो, पण वादळ आणणारा द्रव्याचा लोट यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. त्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तरच वादळ जोराचे होते आणि ती दिशा लोट अगदी जवळ आल्यावरच खात्रीने कळते. 2 सप्टेंबर 2023 रोजी सोडलेले आदित्य एल-1 पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे 15 लाख किलोमीटरवर आहे. तेथून मिळणारी आगाऊ सूचना साधारण तासाभराची, लोट वेगवान असेल तर त्याहूनही कमी.