हातातला संच

हौशी रेडिओचालकाचा परवाना नुकताच हाती पडलेला तरुण हल्ली प्रथम जो प्रश्न करतो तो ‘कोणता हँडहेल्ड घेऊ?’ हा असतो. आणि हा प्रश्न ऐकून जुन्या हॅम मंडळींना मनातल्या मनात हसू येते, कारण त्यांच्या उमेदीच्या काळी संच ही घेण्याची वस्तूच नव्हती. परवाना सरकारने द्यायचा आणि संच ज्याचा त्याने बांधायचा, अशी ती वहिवाट होती.

या वहिवाटीच्या मुळाशी जितकी टंचाई होती तितकाच कायदाही होता. कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्त यांनी १९२१ साली हौशी प्रक्षेपणाचा आरंभ केला तेव्हा १८८५ चा टेलिग्राफ कायदा काय तो आडवा येत असे. पुढे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र विनापरवाना नुसते बाळगणे हाच गुन्हा ठरविला. १९३९ साली महायुद्ध पेटताच नवे परवाने बंद झाले आणि असलेले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी हुकूम सुटले. सरकारची धास्ती अगदीच निराधार नव्हती, हे १९४२ साली मुंबईने दाखवून दिले: उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत जे ‘काँग्रेस रेडिओ’ केंद्र चालवीत होते, त्याच्या यंत्रामागे नरिमन प्रिंटर या हौशी चालकाची कारागिरी होती. १२ नोव्हेंबरला छापा पडून ते केंद्र मुके झाले आणि उषाबाईंना ४ वर्षांची सजा झाली. एका खोलीत मावेल एवढ्या यंत्राने राज्यकर्त्यांची झोप उडवावी, हे ज्या दफ्तराने एकदा अनुभवले, ते दफ्तर खिशात मावणाऱ्या यंत्राकडे पुढे किती संशयाने पाहील, याची कल्पना करता येते.

खिशात मावणारे म्हणताना मी थोडी घाई केली. हातात धरून बोलण्याच्या संचाचा जो पूर्वज त्याच महायुद्धात अमेरिकेच्या गॅल्विन कंपनीने (पुढे तिचेच नाव मोटोरोला झाले) सैन्यासाठी घडविला, त्याचे वजन सुमारे सव्वादोन किलो होते. त्यात निर्वात नलिका होत्या, पल्ला जमिनीवर मैलभराचा होता, आणि चालू करण्याचे बटण म्हणून नव्हतेच; अँटेना ओढून लांब केली की संच जागा व्हायचा आणि आत ढकलली की झोपायचा.

आपल्याकडे युद्ध संपल्यावर परवाने पुन्हा मिळू लागले, पण विकत घेण्याजोगे यंत्र बाजारात कुठे होते? होता तो लष्कराने मोडीत काढलेला माल. ८०७ क्रमांकाची नलिका, जुने ट्रान्सफॉर्मर आणि लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून आणलेले सुटे भाग यांतून संच उभा राही. तो टेबल सोडून हलत नसे, आणि त्यातील प्रत्येक सांधा मालकाच्या सोल्डरिंगचा असल्यामुळे बिघाड कुठे आहे हे त्याला वासावरून कळे. १९८४ साली हौशी चालकांच्या यंत्रांवरील आयातशुल्क माफ झाले आणि तेव्हापासून ‘बांधू’ची जागा हळूहळू ‘घेऊ’ने घेतली.

त्या सुमाराचा आयकॉम कंपनीचा आयसी-२ए माझ्या परिचयाच्या एका वृद्ध हॅमच्या कपाटात अजून आहे. त्याला पडदा नाही, स्मृती नाही. माथ्यावर अंक कोरलेली तीन लहान चाके आहेत. १४५.५० मेगाहर्ट्झ लावायचे तर ती अंगठ्याने ५-५-० वर आणायची. प्रत्येक अंकाला कट् असा आवाज येतो, आणि हे गृहस्थ अंधारात, नुसते कट्-कट् मोजून, हवी ती वारंवारता लावतात.

२०१२ च्या सुमारास बाओफेंगचा यूव्ही-५आर आला आणि किमतीची अडचण जवळजवळ संपली. स्वस्ताईला दोष असतातच. अशा कित्येक नगांतून मूळ लहरीबरोबर तिच्या पटीतल्या नको त्या लहरीही बाहेर पडतात. परंतु नवशिक्याचे डोळे असतात ते वॅटवर. पाच वॅट की आठ, या विवंचनेत तो आठवडे काढतो; आणि या लहरी बहुतांशी दृष्टिरेषेत धावतात, सपाट भूमीवर उभ्या माणसाच्या तोंडाशी धरलेल्या संचाचे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर संपते, हे त्याच्या गावीही नसते. त्यात भर म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव हिस्सा अर्ध्या मीटरचा, आणि संचासोबत मिळते ती रबरात गुंडाळलेली वीतभर मळसूत्री तार! माझ्या मते पहिल्या खरेदीत ज्या चार पैशांनी वॅट वाढवायचे, त्यांनी अँटेना बदलावी.

मागच्या पावसाळ्यात असाच एक नवा परवानाधारक त्या वृद्ध गृहस्थांकडे आला होता. मोबाइलवर त्याने सहा संचांचे तौलनिक कोष्टक आणले होते. आजोबांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, चष्मा उतरवला, कपाटातून तो जुना दीड वॅटचा संच काढला आणि म्हणाले, ‘‘छत्री घे रे, गच्चीवर जाऊ.’’