हौशी खेळाडूचा भाव

'अमॅच्युअर' या शब्दाला मराठीने 'हौशी' हा प्रतिशब्द दिला. रंगभूमीवर तो शोभला. खेळाच्या मैदानावर मात्र त्याला एक कायदेशीर अर्थ आहे : मोबदला न घेणारा. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा इतिहास म्हणजे बव्हंशी या अर्थाला पाडलेल्या भगदाडांचा इतिहास होय. तेथील क्रीडासंघटनेने 1948 साली खेळाडूंच्या आर्थिक साहाय्यावर कडक बंधने घातली. ती फार काळ टिकली नाहीत. पुढे प्रेक्षक वाढले, दूरचित्रवाणीचा पैसा आला, प्रशिक्षक धनाढ्य झाले आणि खेळणारा तेवढा 'हौशी' राहिला. मग पैसा मागील दाराने येणारच. 2017 साली उघडकीस आलेल्या प्रकरणात बूट बनविणाऱ्या एका कंपनीच्या लोकांनी एका मुलाने लुईव्हिल विद्यापीठाकडून खेळावे म्हणून त्याच्या कुटुंबाला लाख डॉलर देऊ केले होते. त्या मुलाला लुईव्हिलकडून एकही सामना खेळता आला नाही.

याच विद्यापीठाने 2013 साली मिशिगनला 82-76 असे नमवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. भरतीसाठी आणलेल्या मुलांपुढे वारांगना उभ्या केल्याच्या वेगळ्या प्रकरणात 2018 साली ते नोंदीतून पुसले गेले. हजारोंनी डोळ्यांनी पाहिलेला सामना कागदावर उरला नाही.

धुळ्याच्या देवपुरातील महाविद्यालयांत खेळाडू फोडायला असा कोणी येणार नाही. येथील बास्केटबॉलपटूने जळगावच्या विद्यापीठाच्या संघात शिरावे, 'अश्वमेध' खेळावे, एवढीच झेप. (क्रीडास्पर्धेला हे नाव सुचविणाऱ्याला त्या यज्ञात घोड्याचे काय होते हे आठवले नसावे.) पण 2005 पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आले आणि आपल्याकडे मोल चढले ते प्रमाणपत्राला. त्यानंतरच्या वर्षांत ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे राज्यात उघडकीस आली. लुईव्हिलमध्ये खेळलेला सामना कागदाने पुसला. येथे न खेळलेला सामना कागदावर उमटला.

अमेरिकेने अखेर हौशीपणाचा आग्रह सोडला. 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर कमावू लागले, 2025 पासून विद्यापीठेच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. आपला प्रश्न पैशाने सुटणारा नाही. येथे प्रमाणपत्राची पडताळणी होते, खोटे ठरले तर नोकरीही जाते; पण तोवर ज्या खऱ्या खेळाडूची जागा गेली, तिचे वय भरतीच्या मर्यादेबाहेर गेलेले असते आणि तिचे नाव कोणत्याही आरोपपत्रात नसते.