त्वचापूरके
सुरकुत्या व खळगे भरण्यासाठी त्वचेत वा तिच्याखाली अंतःक्षेपणाने घालावयाची द्रव्ये. व्हिएन्ना येथील रोबेर्ट गेर्सूनी यांनी १८९९ मध्ये शरीरातील उणीव भरून काढण्यासाठी व्हॅसलीन टोचले. व्हॅसलीन, पॅराफिन ही द्रव्ये शरीरात विरत नसत. परंतु ती जागा सोडून सरकत व त्यांभोवती कठीण गाठी होत. द्रवरूप सिलिकोनाबाबतही पुढे हाच अनुभव आला. अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळालेले गोवंशीय कोलॅजेन ३–४ महिन्यांत विरून जाई. तेथे २००३ मध्ये मान्य झालेल्या हायलुरॉनिक अम्लाचा परिणाम साधारणपणे ६–१८ महिने, तर पॉलिलॅक्टिक अम्लाचा सुमारे २ वर्षे टिकतो. हायलुरॉनिक अम्ल चुकीच्या जागी गेल्यास हायलुरॉनिडेज या एंझाइमाने विरघळविता येते. टिकाऊपणापेक्षा ही परतीची सोय अधिक मोलाची ठरली आहे.