ऑर, बॉबी
(२० मार्च १९४८– ). कॅनडाचा निवृत्त व्यावसायिक आइस हॉकीपटू. जन्म आँटॅरिओ प्रांतातील पॅरी साउंड येथे. १९६६ मध्ये तो नॅशनल हॉकी लीगच्या बॉस्टन ब्रुइन्स संघातून खेळू लागला. बचावपटू असूनही चकती घेऊन तो थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलापर्यंत मुसंडी मारी. मोसमात सर्वाधिक गुण मिळविण्याचा मान दोनदा (१९७०, १९७५) पटकावणारा तो एकमेव बचावपटू. १० मे १९७० रोजी जादा वेळेत गोल करून त्याने ब्रुइन्सला स्टॅन्ली करंडक मिळवून दिला. गोल होताच प्रतिस्पर्ध्याच्या काठीत पाय अडकून हवेत आडवा झालेल्या ऑरचे छायाचित्र विख्यात आहे. डाव्या गुडघ्यावरील वारंवारच्या शस्त्रक्रियांमुळे १९७८ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली. प्रतीक्षाकाळाची अट शिथिल करून १९७९ मध्ये त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान देण्यात आले.