ज्वारीला नावं कोणी ठेवली?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण नाव आणि वस्तू यांच्या नात्याबद्दल बोललो. आज तोच प्रश्न शेतात नेऊ. उदाहरण घेऊ ज्वारीचं.

आमच्या लहानपणी गावाकडे रोजची भाकरी ज्वारीची, गव्हाची पोळी सणासुदीला. रब्बीची मालदांडी शेणखतावर आणि जमिनीतल्या ओलीवर यायची. तिला 'सेंद्रिय' कोणी म्हणत नव्हतं. एखादी गोष्ट इतरांपासून वेगळी काढायची असेल तरच विशेषण लागतं, आणि तेव्हा वेगळं काढण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

पण म्हणून तो सुवर्णकाळ होता असं समजू नका. पिकायचं थोडं, खाणारी तोंडं फार. 1964 मध्ये सीएसएच-1 हा देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, पाठोपाठ रासायनिक खतं आली. ती भुकेपोटी आली. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो आमच्या पिढीनं रांगेत उभं राहून घेतली. त्या दिवसांत रसायनाविरुद्ध बोलायला कोण धजावलं असतं? तरीही नव्या दाण्याची भाकरी लोकांना रुचली नाही आणि 'हायब्रीड' हा शब्द मराठीत टोमणा होऊन बसला.

पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला. मराठवाडा-विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किलोला तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया असे दर ठरले. सगळ्यात स्वस्त आपली ज्वारी! अवघ्या पाच वर्षांत, 2018 मध्ये, सरकारनं याच धान्यांना 'पौष्टिक तृणधान्य' म्हटलं. 2023 हे आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि 'श्रीअन्न' हे नाव आलं. दाणा तोच, बदललं ते गिऱ्हाईक. मधुमेह झालेला शहरी माणूस आता विचारतो, "बिनखताची आहे ना?"

इथे खरी अडचण सुरू होते. पूर्वी धान्य घेणारा पिकवणाऱ्याला ओळखत असे. आता ओळखीच्या जागी प्रमाणपत्र आलं. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षांचा रूपांतर काळ लागतो. त्या काळात रसायन वापरायचं नाही आणि भाव मात्र साध्या मालाचाच. दोन एकरवाल्यानं हे कसं पेलायचं? 'पीजीएस' पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. आम्हाला ती वाट जवळची वाटते, कारण तिच्यात ओळख परत येते.

पण एक गोष्ट बाजाराच्या ध्यानातच येत नाही. ज्वारी म्हणजे नुसता दाणा नव्हे, कडबाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्याविना दावणीची जनावरं कमी झाली, जनावरांबरोबर शेणखत आटलं. आता आपण दाण्याला चार पैसे जास्त मोजतो आणि म्हणतो, सेंद्रिय द्या. ज्याच्या दावणीला जनावर उरलं नाही, तो शेतकरी खत कुठून आणणार?

म्हणून पुढच्या वेळी ज्वारी घेताना पाकिटावरचं नाव वाचा, पण जमलं तर पिकवणाऱ्याला विचारा, "गोठ्यात किती जनावरं आहेत?" तो नक्की बोलू लागेल.